शेवटच्या आजारांत शब्द कोणाचा ?

घरांत मरणाची गोष्ट काढूं नये, वास्तु तथास्तु म्हणते, असा आपल्याकडे जुना समज आहे. त्यामुळें मुंजीचा मुहूर्त, मुलीचें स्थळ, वाडीची वाटणी यांवर ओसरीवर तासन्‌तास खल करणारें कुटुंब, आपल्या आजोबांना शेवटच्या आजारांत काय हवें आहे हें त्यांस कधींच विचारीत नाहीं. वास्तविक पाहतां मरणाचा जितका विचार आपल्या पूर्वजांनीं केला तितका फारच थोड्यांनीं केला असेल. आसन्नमरण माणसास भूमीवर घेणें, मुखांत गंगोदक व तुळशीपत्र घालणें, गोप्रदान, दशदानें, कानाशीं नामस्मरण, हा सर्व विधि एका गृहीतावर उभा आहे. तें गृहीत असें कीं, मरण जवळ आलें आहे हें घरांतील सर्वांस, आणि मुख्यतः मरणाऱ्यास, ठाऊक आहे. ज्याच्या हातून दानाचें उदक सोडवावयाचें त्याच्यापासूनच त्याचें मरण लपवून कसें चालेल ? आज आपण विधि ठेवला आहे, पण तो अतिदक्षता विभागाच्या कांचेबाहेर उभें राहून, आणि बहुधा उशिरां.

वसईचेंच पाहा. पारनाक्यापासून आगाशीपर्यंतच्या जुन्या घरांतून एक-दोन पिढ्यांपूर्वीं माणूस माजघरांत किंवा ओटीलगतच्या खोलींत देह ठेवी. गांवचे डॉक्टर येत, नाडी पाहत, आणि बाहेर येऊन थोरल्या मुलास हळूच सांगत, “आतां जवळच्या माणसांना बोलावून घ्या.” तेवढ्या वाक्यांत वैद्यकशास्त्राची हद्द कोठें संपली आणि कुटुंबाचें काम कोठें सुरू झालें हें सर्वांस कळे. आतां वसईंत व विरारला रुग्णालयांची वाण नाहीं, आणि ज्यांस तेवढ्यानें समाधान होत नाहीं त्यांच्यासाठीं मुंबई आहेच. वसई रोडहून चर्चगेट सुमारें ५२ किलोमीटर. या सुधारणेनें किती तरी जीव वांचले आहेत, आणि त्याबद्दल कृतज्ञ नसणें हा करंटेपणा होईल. हृदयविकाराचा झटका आलेला पन्नाशींतला कर्ता पुरुष, बाळंतपणांत अडलेली लेक, न्युमोनिया झालेलें मूल, यांच्यासाठीं यंत्रें आहेत आणि तीं लावलींच पाहिजेत. परंतु हृदयाचा झटका आणि नव्वदीच्या घरांतील देहाचें हळूहळू मावळणें यांत भेद आहे, आणि तो भेद सांगणारें डॉक्टरांचें तें एक वाक्य मात्र आतां ऐकूं येईनासें झालें आहे.

आमच्या परिचयाच्या वसईच्या एका घरांतील हकीकत येथें सांगतों. नांवें सांगण्याचें कारण नाहीं. घरांतील आजी शहाऐंशी वर्षांच्या. तीन मुलगे : थोरले वसईस, मधले पुण्यास, धाकटे अमेरिकेंत. पक्षाघाताचा एक झटका येऊन गेल्यावर आजींनीं पाटावर भाजी निवडतां निवडतां थोरल्या सुनेला सांगितलें होतें, “अगं, पुढच्या वेळीं मला नळ्या लावूं देऊं नकोस हो. घरांतच राहूं दे.” पुढची वेळ आली. सुनेनें सासूबाईंचा निरोप सांगितला. परंतु तो निरोप तोंडी, आणि तोही सुनेच्या तोंडचा. मधल्या दिरांस त्यांत सेवेचा कंटाळा दिसला. धाकट्यांनीं दूरध्वनीवरून सांगितलें, “करतां येण्यासारखें असेल तें सगळें करा, पैशांकडे पाहूं नका.” थोरले भाऊ दोघांमध्यें सांपडले आणि गप्प बसले. आजी एकोणीस दिवस यंत्रावर होत्या. नळी ओढूं नये म्हणून त्यांचे हात पलंगास बांधले होते. विसाव्या दिवशीं पहाटे गेल्या तेव्हां जवळ कोणी नव्हतें, कारण आंत जाण्याची वेळ सकाळीं अकराची होती. वर्षश्राद्ध होऊन गेलें तरी त्या तीन भावांत पूर्वींचें बोलणें राहिलें नाहीं.

या हकीकतींत दुष्ट कोणीच नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. धाकट्या मुलास आईची सेवा करतां आली नाहीं याची बोच होती, आणि दूर असलेल्या माणसाला ती बोच भागविण्याचा पैसा हा एकच मार्ग उरतो. मधल्यांचा संशय अन्यायाचा खरा, पण वृद्धांची हेळसांड करून त्यास त्यांचीच इच्छा म्हणणारीं घरें जगांत नाहींतच असेंही नाहीं. डॉक्टरांनीं कायद्याचें भय घेतलें. चुकलें तें इतकेंच कीं, जिचा देह तिचा शब्द वजनदार होईल अशी तजवीज कोणीं केली नव्हती.

अशी तजवीज आतां आपल्या देशांत कायदेशीर आहे, आणि ती ज्या प्रकरणांतून उगम पावली तें प्रकरण वसईपासून फार दूरचें नव्हे. मुंबईंत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत परिचारिका असलेल्या अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच रुग्णालयांतील एका सफाई कामगारानें हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनें गळा आवळल्यामुळें मेंदूस रक्त मिळालें नाहीं, आणि पंचविशींतील ती कर्तबगार मुलगी जाणिवेच्या पलीकडे गेली ती कायमची. ४१ वर्षांहून अधिक काळ ती त्याच रुग्णालयाच्या एका खोलींत होती. पिढ्यामागून पिढ्या परिचारिका बदलल्या, परंतु प्रत्येक पिढीनें तिला आपली मानून न्हाऊं घातलें, भरविलें, कुशीवर वळविलें. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा ज्यांनीं चार महिनेही केली असेल त्यांनाच एवढ्या वर्षांचा अर्थ कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनीं २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला कीं, या देहास अन्न भरवून तो असाच ठेवणें थांबवावें, तिला शांतपणें जाऊं द्यावें. परिचारिकांनीं त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें निकाल दिला तो असा : अरुणाच्या वतीनें बोलण्याचा अधिकार तिची एवढीं वर्षें सेवा करणाऱ्यांचा आहे, आणि त्यांना ती जगावी असें वाटतें, म्हणून अर्ज नामंजूर. मात्र त्याच निकालांत न्यायालयानें तत्त्व म्हणून मान्य केलें कीं, सुधारण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीव लांबविणारे उपचार उच्च न्यायालयाच्या अनुमतीनें थांबवितां येतील. अरुणा १८ मे २०१५ रोजीं न्युमोनियानें वारल्या. विराणी यांच्या अर्जामागें करुणा होती आणि परिचारिकांच्या विरोधामागेंही करुणाच होती; दोघींपैकीं एकीला निर्दय ठरविल्याशिवाय ज्यांना मत बनवितां येत नाहीं त्यांनीं या प्रश्नांत न पडावें हें बरें. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांस शक्य नव्हती : स्वतः अरुणाचें मत कोणासच ठाऊक नव्हतें. पंचविसाव्या वर्षीं असला कागद लिहून कोण ठेवतो ?

त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें निर्णय दिला कीं, सन्मानानें मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धींत असलेल्या प्रौढ माणसास आपल्या शेवटच्या आजारांत कोणते उपचार नकोत हें आगाऊ लिहून ठेवतां येतें. यास इंग्रजींत ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणूं. त्या वेळीं घातलेल्या अटी इतक्या जड होत्या कीं, प्रत्येक कागदावर प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याची सही लागे. अर्थात् हा हक्क कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानेंच त्या अटी सैल केल्या.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत येथें एक शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. हें आत्महत्येचेंच गोंडस नांव तर नव्हे ? धर्मानें आत्मघात हें पाप मानलें आहे. मग उपचार नाकारणें कशांत मोडेल? याचें उत्तर शोधतांना आपल्याच समाजांतील दोन थोर पुरुषांचीं मरणें आठवल्याखेरीज राहत नाहींत. स्वातंत्र्यवीर सावरकर यांनीं ‘आत्महत्या नव्हे आत्मार्पण’ या लेखांत हा भेद आधींच मांडून ठेवला होता, आणि १ फेब्रुवारी १९६६ पासून औषध व अन्न सोडून २६ फेब्रुवारीस, वयाच्या ८२ व्या वर्षीं, मुंबईंत दादर येथें देह ठेवला. आचार्य विनोबा भावे यांनीं नोव्हेंबर १९८२ मध्यें हृदयविकाराचा झटका आल्यानंतर पवनार येथें अन्न, पाणी व औषध घेण्याचें नाकारलें. पंतप्रधानांनीं जाऊन विनविलें तरी निश्चय ढळला नाहीं, आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. विचारांनीं परस्परांपासून इतके दूर असलेले हे दोघे या एका ठिकाणीं एकाच वाटेनें गेले. आपले लोक त्यांस आत्मघातकी म्हणत नाहींत. प्रायोपवेशन या जुन्या शब्दानें त्यांचा आदर करतात.

तथापि सावरकर-विनोबांचें मरण हा सामान्य माणसासाठीं नियम होऊं शकत नाहीं. वैद्यकीय इच्छापत्रांत मागितलेली गोष्ट त्याहून पुष्कळच लहान आहे. त्यांत अन्नत्यागाचें व्रत नाहीं आणि मरण ओढून आणणें तर मुळींच नाहीं. रोग आपल्या गतीनें जात असतां त्याच्या वाटेंत यंत्र आडवें घालूं नका, इतकेंच त्यांत म्हटलेलें असतें. मरण आणणारें इंजेक्शन देणें आपल्या कायद्यानें आजही गुन्हाच आहे. गिरगांवांतील एका वृद्ध, निपुत्रिक दांपत्यानें कांहीं वर्षांपूर्वीं आम्हां दोघांस मरणाची परवानगी द्या म्हणून थेट राष्ट्रपतींकडे अर्ज केला होता. त्या दोघांस कोणताही असाध्य रोग नव्हता. पुढें परावलंबी होण्याचें भय होतें. कायद्यांत त्या मागणीस जागा नव्हती. आम्हांस त्या अर्जांत कायद्यापेक्षां एकाकीपणाचाच प्रश्न अधिक दिसतो, आणि त्याचें उत्तर न्यायालयानें द्यावयाचें नसून शेजारानें व नातलगांनीं द्यावयाचें आहे.

वसईंत आपला शेजार ख्रिस्ती वाडीवाल्यांचा. त्यांच्या धर्मांत आत्महत्येचा निषेध आपल्याहून कठोर. आणि तरीही पोप बारावे पायस यांनीं २४ नोव्हेंबर १९५७ रोजीं भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणांत स्पष्ट सांगितलें कीं, प्राण राखण्यासाठीं साधारण उपाय करणें हें कर्तव्य आहे, असाधारण उपाय करण्याचें बंधन नाहीं. साधारण कोणता आणि असाधारण कोणता हें माणसाच्या प्रकृतीवरून व परिस्थितीवरून ठरावें. पाश्चात्य देशांतील कोणी नवमतवादी नव्हे, तर एक सनातनी धर्मगुरु हें बोलला, म्हणून त्याचें महत्त्व.

आतां या प्रश्नाची जी बाजू आम्हांस सर्वांत निकडीची वाटते तिच्याकडे वळूं. यंत्र नको म्हटल्यावर मग काय ? ‘आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, घरीं न्या,’ असें सांगून रुग्णास वाऱ्यावर सोडणें हें यंत्राहूनही क्रूर आहे. रोग बरा होणार नाहीं तेव्हां वेदना, धाप, ओकाऱ्या, शय्याव्रण, भीति हीं बरीं करणें हेंच वैद्यकाचें काम होतें. यास उपशामक सेवा म्हणतात. सिसिली साँडर्स नांवाच्या बाईनें, जी आधीं परिचारिका होती आणि पुढें डॉक्टर झाली, १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलें तेथून या शास्त्राची आधुनिक परंपरा सुरू झाली. आपल्या देशांतील असें पहिलें घर, शांति आवेदना सदन, १९८६ सालीं मुंबईंत वांद्र्यास निघालें. म्हणजे वसईकरांच्या रेल्वेमार्गावरच. पुण्यास वारजे येथें सिप्ला कंपनीच्या न्यासानें १९९७ पासून असेंच केंद्र चालविलें आहे. केरळांत तर १९९३ सालीं कोझिकोडला लावलेलें रोप पुढें गांवोगांव पसरलें, आणि तेथें शेजारपाजारचीं माणसें थोडें शिक्षण घेऊन परिचारिकेबरोबर अंथरुणावरील रुग्णांच्या घरीं जातात. मंडई, देवळें, पतपेढ्या, वाचनालयें एकजुटीनें चालविणाऱ्या आपल्या गांवांना हें अशक्य कां असावें ?

वेदनेवरील सर्वांत खात्रीचें औषध मॉर्फिन. तें अफूपासून होतें आणि अफू आपल्याच देशांत पिकते. असें असून १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें त्याचे परवाने इतके अवघड केले कीं, कर्करोगानें तळमळणाऱ्या माणसास तें मिळेना. २०१४ सालीं कायदा सुधारला. आतां मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांस तें ठेवणें पुष्कळ सोपें झालें आहे. पण डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्याही मनांतील भय गेलेलें नाहीं. ‘मॉर्फिन म्हणजे शेवटचें इंजेक्शन’, ‘त्याची संवय लागेल’ असें लोक म्हणतात. तज्ज्ञानें बेतानें वाढवीत दिलेल्या मॉर्फिननें मरण जवळ येत नाहीं; आणि चार महिने उरलेल्या माणसास संवय लागण्याची चिंता कोणी करावी, हें आम्हांस तरी समजत नाहीं.

अन्नाविषयींही असेंच. “आई कांहीं खात नाहीं, उपाशी मरेल” हा घोर प्रत्येक घरास लागतो, आणि मग नाकांतून नळी जाते. मावळत्या देहाची भूक आपोआप कमी होते. माणूस खात नाहीं म्हणून मरत नसून मरणाच्या वाटेवर आहे म्हणून खाईनासा होतो. अति वार्धक्यानें स्मृति गेलेल्या माणसास नळीनें अन्न घातल्यानें आयुष्य वाढतें असें आढळलेलें नाहीं. ओठ ओले ठेवणें, चमच्यानें आवडीची पेज घालून पाहणें, नको म्हटल्यास थांबणें, यांत सेवा पुरी होते. गंगोदकाचा थेंब ओठांवर घालणाऱ्या आपल्या आज्यांना हें डॉक्टरांच्या आधीं ठाऊक होतें.

शुश्रूषेचा भार कोण वाहतें, हें बोलल्यावांचून मात्र हा विषय पुढें नेणें अप्रामाणिक होईल. एकत्र कुटुंबांत निर्णय मुलगे घेतात आणि अंथरूण सून बदलते. वरील हकीकतींतील सुनेनें सात वर्षें सासूबाईंचें केलें होतें. पण निर्णयाच्या खोलींत तिला खुर्ची नव्हती. जी रात्रीं तीन वेळां उठते, तिलाच रुग्णाच्या वेदनेचें आणि मनाचें ज्ञान अधिक असतें. घरीं ठेवावयाचें ठरल्यास पाळ्या लावून पुरुषांनींही कुशीवर वळविण्यास शिकलें पाहिजे, आणि परवडत असेल तर दिवसाची परिचारिका ठेवण्यांत कमीपणा मानूं नये. दूरच्या भावानें पैसा पाठवावाच, पण त्याबरोबर आठ दिवस येऊन रात्रपाळीही करावी. मग ‘सगळें करा’ या शब्दांचा अर्थ त्यास निराळा दिसूं लागेल.

रुग्णास सत्य सांगावें कीं सांगूं नये, हाही वाद घरोघर आहे. आमचें मत असें कीं, विचारील त्यास सांगावें, आणि न विचारणाऱ्यावर लादूं नये. परंतु बहुतेक रुग्ण विचारीत नाहींत तें मुलांना वाईट वाटेल म्हणून. आणि मुलें सांगत नाहींत तीं वडिलांना वाईट वाटेल म्हणून. अशा रीतीनें दोघेही एकमेकांस फसवीत शेवटचे महिने घालवितात, आणि हिशेब, निरोप, क्षमा, सारें तसेंच राहून जातें.

आतां कागदाविषयीं, कारण ज्यांस हें पटेल ते पुढें काय करावें असें विचारतील. इच्छापत्र करणारा माणूस प्रौढ व शुद्धींत असावा आणि त्यानें तें कोणाच्या दडपणाखालीं केलेलें नसावें. कोणत्या अवस्थेंत कोणते उपचार नकोत किंवा थांबवावेत हें त्यांत स्पष्ट लिहावें; ‘उगाच त्रास नको’ एवढ्या मोघम शब्दांनीं भागत नाहीं. आपण बोलूं शकणार नाहीं तेव्हां आपल्या वतीनें कोणीं बोलावें त्यांचीं नांवें घालावींत. एकाहून अधिक घालतां येतात, आणि त्यांत सुनेचें किंवा लेकीचें नांव घालण्यास कोणाचीही हरकत नाहीं. दोन साक्षीदारांसमोर सही करून कागद नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा. त्याची एक प्रत स्थानिक स्वराज्यसंस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. शहरांत महानगरपालिका, खेड्यांत ग्रामपंचायत. म्हणजे वसईकरांसाठीं हें काम २००९ सालीं स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेचें. हे कागद सांभाळणारा अधिकारीच सरकारनें नेमला नाहीं, अशी तक्रार घेऊन मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयांत गेले, आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनानें स्थानिक संस्थांतून असे अधिकारी नेमले. तेव्हां पालिकेच्या कचेरींत कोणी ‘आमच्याकडे असलें कांहीं नसतें’ म्हणाल्यास तेवढ्यावर परत फिरूं नये.

वेळ आल्यावर तरी एका डॉक्टरच्या किंवा एका मुलाच्या शब्दावर यंत्र थांबत नाहीं. उपचार करणारे डॉक्टर आणि आणखी किमान दोन तज्ज्ञ यांचें एक मंडळ, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं सुचविलेला एक डॉक्टर असलेलें दुसरें मंडळ, अशा दोन चाळण्या आहेत. प्रत्येकानें शक्यतों ४८ तासांत मत द्यावयाचें, घरच्यांची संमति घ्यावयाची, आणि अंमलापूर्वीं दंडाधिकाऱ्यास कळवावयाचें. वाडीच्या वाटणीवर डोळा ठेवून म्हाताऱ्याचा जीव घाईनें घालविला जाईल, हें भय ज्यांना वाटतें त्यांनीं या चाळण्या लक्षांत घ्याव्यात. कागदच नसल्यासही घरच्यांच्या संमतीनें हाच मार्ग मोकळा आहे. मात्र मग तीन भावांचें एकमत व्हावें लागतें.

इच्छापत्र केव्हांही लेखी रद्द करतां येतें किंवा बदलतां येतें. आणि एक व्यवहाराची गोष्ट : तें पैठणीच्या घडीखालीं ट्रंकेंत ठेवूं नये. मूळ प्रत औषधांच्या डब्याजवळ असावी, एक नेहमींच्या डॉक्टरकडे, आणि एक अमेरिकेंतील मुलाकडे, त्यास दूरध्वनीवर एकदां संपूर्ण वाचून दाखवून.